इम्युनिटी: शक्ती कसली, ती तर माफी!

प्रश्न असा: मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या बातम्यांत ‘टी-पेशी’ येतात, त्यातला ‘टी’ ट्यूमरचा का? आणि या पेशींना मराठीत काय म्हणावं?

ट्यूमरचा नाही, थायमसचा. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी; टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, त्या तिथे पक्व होतात. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. नाव झकास आहे, पण पुढे जाऊ. कारण त्याच बातम्यांत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध’ असं छापतात, आणि माझं डोकं तिथे फिरतं. करोनापासून जो तो काढे पिऊन इम्युनिटी ‘वाढवतो’ आहे. हा सगळा ‘शक्ती’ या शब्दाचा प्रताप.

लॅटिनमध्ये ‘मूनुस’ म्हणजे सार्वजनिक देणं, कर्तव्य. ते ज्याला माफ, तो ‘इम्यूनिस’. आपला माफीदारच की! काही पंडित हा शब्द तटबंदीच्या ‘मूनीरे’वरून आणतात, त्यांनी एकदा कोश उघडावा. मूनुसच्या मुळाशी देवाणघेवाणीचा धातू आहे, आणि संस्कृतात तोच ‘मे’, धातुपाठातला ‘मेङ् प्रणिदाने’. त्यातूनच निघाला ‘विनिमय’. म्हणजे बाजारातला विनिमय आणि दवाखान्यातली इम्युनिटी चुलत भावंडं! एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा येणं माफ, या अर्थानं वैद्यकानं शब्द उचलला. यात शक्ती कुठे आली?

मेलानोमात तर माफी गाठच लाटते. टी-पेशी गाठीत शिरतात, बदललेल्या प्रथिनांचे तुकडे ओळखतात, हल्लाही करतात. तेवढ्यात कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावरचं पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करते, माफीची सनद दाखवावी तसं. टी-पेशीवरचं पीडी-१ त्याला जुळलं की ती थंडावते. पीडी-१ शोधलं तासुकू होंजो यांच्या क्योटोतल्या गटानं, १९९२ मध्ये. सीटीएलए-४ हा टी-पेशींवरचा दुसरा लगाम. तो सोडवण्याची कल्पना जेम्स ॲलिसन यांची. त्यावरचं इपिलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी मंजूर झालं. दोघांना २०१८चं नोबेल मिळालं. असे लगाम सोडवणारी औषधं अंगात शक्ती भरत नाहीत, सनद खालसा करतात. अर्थात टी-पेशी गाठीपर्यंत पोचल्याच नसतील तर खालसा करूनही फारसं हाती लागत नाही.

आणखी गंमत: उपचारानंतर काही रुग्णांच्या अंगावर कोड उठतं. मेलान-ए, टायरोसिनेज ही प्रथिनं त्वचेला रंग देणाऱ्या निरोगी पेशींतही असतात. टी-पेशी मग त्यांनाही सोडत नाहीत. मेलानोमाच्या रुग्णात हे कोड बहुधा औषध लागू पडत असल्याचं लक्षण मानतात.

‘शक्ती’ नको म्हणून ‘रोगप्रतिकारक्षमता’ घडवणाऱ्यांनी आगीतून फुफाट्यात उडी घेतली. क्षमता काय, तीही वाढवतातच लोक! माझा शब्द ‘रोगमाफी’. हसा खुशाल.

हां, टी-पेशी. त्यांना टी-पेशीच म्हणा. कर्कपेशी मारणाऱ्या प्रकाराला ‘मारक टी-पेशी’ म्हणा, पण वर्तमानपत्री ‘मारेकरी पेशी’ नको. मारेकरी सुपारी घेऊन येतो.