पाखरांचं विचारा: देवराईत जाळी लावू का?

प्रश्न: ताई, आम्ही जांबोटीकडची चार-पाच पोरं दर रविवारी पक्षी बघायला जातोय. गेल्या थंडीत एका कॅम्पात बारक्या पक्ष्यांच्या पायात रिंग घालताना बघितलं, तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. पक्षी पकडायची जाळी ऑनलाइन मिळते म्हणे. गावच्या देवराईत लावली तर चालतंय काय? आणि पक्ष्याला त्रास होतोय काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: दादा, जाळी मागवू नका बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्षी नुसता पकडला तरी शिकारच धरतात, रिंग घालायची म्हटली तरी बेंगळुरूहून चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनची, म्हणजे राज्याच्या मुख्य वन्यजीव अधिकाऱ्याची, लेखी परवानगी लागते, मग देवराई गावची असो नाहीतर भीमगड अभयारण्यातली.

कायद्याचं राहू दे, खरी गोची पक्षी सोडवण्यात आहे. ती जाळी काळी, बारीक दोऱ्याची, सैल झोळ्या पाडलेली असते, पक्षी आदळून झोळीत पडतो आणि फडफडला की नखं, पंख, कधी जीभसुद्धा दोऱ्यात गुंतते. मी पहिल्यांदा चष्मेवाला नावाचा बारका पक्षी सोडवायला बसले तर एक पाय सुटेपर्यंत त्यानं दुसऱ्या पायानं परत दोरा पकडलेला, माझ्याच हाताला घाम फुटला, शेवटी शेजारच्या अनुभवी बाईंनी दहा सेकंदात काढून दिला! मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, पाठ तळहाताला, आणि छातीवर अजिबात दाब नाही, कारण छाती हलली नाही की त्याचा श्वासच बंद. जाणत्या हातात पक्षी घाबरतो तेवढाच, अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगचं वजन नावालाच असतं. नवख्या हातात मरतो पण.

आणि रिंग कशासाठी, तर हाच तो पक्षी हे ओळखायला. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या मोर्टेन्सन नावाच्या मास्तरांनी स्टारलिंग पक्ष्यांना नंबराच्या रिंगा घातल्या त्या त्याचसाठी. पण थोडीफार ओळख जाळीशिवायही पटते हो. तुमच्याकडं थंडीत हिरवट वटवट्या येतो, जेमतेम ८ ग्रॅमचा, दिसायला अगदीच साधा. तो आपला झाडांचा तुकडा धरून बसतो, दुसरा घुसला की "चिस्वी चिस्वी" करत मागं लागतो. एक झाड ठरवा, दर रविवारी तासभर तिथंच बसा, कुठून ओरडला ते वहीत टिपा. मार्च-एप्रिलमध्ये आवाज कधी बंद होतो तेही. रिंग शिकायचीच असली तर परवानगी असलेल्या कॅम्पात आधी पकडलेले पक्षी ठेवायच्या पिशव्या धरायला, आकडे लिहायला जा.

प्रश्न: आमच्या गच्चीवर पायात रिंग असलेलं कबूतर आलंय. संशोधनाचं असेल काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: बहुतेक कुणाचं तरी शर्यतीचं कबूतर असेल काकू, पाणी आणि ज्वारी ठेवा, दमलं असेल. पण कुठल्याही पक्ष्याच्या रिंगवर "इन्फॉर्म बॉम्बे" अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती मुंबईच्या बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची. सगळा नंबर, तारीख, गाव त्यांना कळवा, फोटोही पाठवा. पक्षी जिवंत असला तर रिंग काढू नका, पोरांनी कितीही हट्ट केला तरी.