गावाहून आलात? आधी नळाचा वार विचारा

जून लागला की आमच्याकडं एकाच वळणाचे प्रश्न यायला लागतात. सुट्ट्या संपल्या, शाळा उघडायच्या बेतात, कुणी माहेराहून यायलंय कुणी पुण्याच्या लेकीकडून, आणि कुलूप काढलं की जे दिसतं ते बघून सगळेच डोक्याला हात लावायलेत. त्यातले काही प्रश्न यावेळी घेतलेत.

प्रश्न : आम्ही चौदा दिवस कोकणात होतो. सकाळी देवगिरी एक्सप्रेसनं परभणीत उतरलो, दार उघडलं तर गटारासारखा वास, बाथरूममधे झुरळं, फरशीवर पाय ठेवला की ठसा उमटतोय एवढी धूळ. सासूबाई म्हणतात आत्ताच्या आत्ता सगळं घर धुवून काढ. टाकीत पाणी वीतभर, आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसाला येतो. सुरुवात कुठून करू? (एक सूनबाई, परभणी)

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा घर धुवायचं, पण नळाच्या दिवशी. वीतभर पाण्यात घर धुवायला काढलं की दुपारपर्यंत पाणी संपतं, घर अर्धं ओलं अर्धं चिखल, आणि मग रात्री टँकरवाल्याला फोन. त्यापेक्षा आधी शेजारी जाऊन विचारा की नळ कधी आला होता आणि परत कधी येणारय, आणि तुमचं आवरणं त्या वाराला बांधा. आपल्याकडं साफसफाईचं टाइमटेबल घड्याळावर नसतं, नळावर असतं.

घरात शिरल्याशिरल्या पंख्याचं बटन दाबू नका, आधी वास घ्या. गॅसचा वास आला तर कुठलंच बटन चालू पण नाही आणि बंद पण नाही करायचं, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. तसा वास नसेल तर निवांत सगळ्या खिडक्या उघडा.

तुम्ही म्हणताय तो गटाराचा वास आहे, आणि त्याला फिनेल लागत नाही, तांब्याभर पाणी लागतं. बाथरूमच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्या वळणात थोडं पाणी कायम थांबलेलं असतं आणि तेच खालचा वास अन् झुरळं अडवून धरतं. मे महिन्यात घर बंद राहिलं की ते पाणी वाळून जातं, रस्ता मोकळा. मोरीत, बेसिनमधे, संडासच्या बाजूच्या जाळीत एकेक तांब्या ओता, संध्याकाळपर्यंत फरक कळेल. पुढच्या वेळी जायच्या आदल्या दिवशी पाणी ओतून वरून चमचाभर गोडेतेल सोडा, तेलाच्या थरानं पाणी लवकर वाळत नाही.

आता खरं काम. न्हाणीतली बादली, ड्रम, कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, जिथं जिथं पाणी उघडं राहिलंय तिथं वाकून बघा. मी एकदा लेकीकडून बारा दिवसांनी आले, बादलीत पाणी तसंच होतं, वरवर स्वच्छ दिसत होतं म्हणून म्हटलं पोछ्याला वापरू. बादली जरा हलली आणि काळपट बारीक दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत खाली गेलं, परत वर आलं. अळ्या! डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आपल्या गरमीत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे बघा, तुमचा नळ आणि त्याची पिढी एकाच टाइमटेबलवर चालायलेत. त्यात हे अंडं भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतं आणि कोरडं पडलं तरी महिनोन्महिने टिकतं, म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, ड्रमची आतली बाजू काथ्यानं घासायची, वाळवायची आणि मगच भरायची. अळ्यांचं पाणी मोरीत-गटारात नका टाकू, तापलेल्या कोरड्या मातीवर फेका. भरलेल्या ड्रमवर जुनं धोतर नाहीतर साडीचा तुकडा ताणून बांधा, नुसतं झाकण टेकवलं की कडेनं डास शिरतोच.

धुळीचं म्हणाल तर पहिल्या दिवशी झाडणी मारूच नका, काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, झाडलं की उडून परत टीव्हीवर बसते. ओलसर फडकं पिळून वरून खाली या, पंखे, खिडक्या, वट्टा, शेवटी फरशी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा मी तिथंच होते, अर्ध्या बादलीत तीन खोल्या पुसायला त्या उन्हाळ्यानं शिकवलं. दोन फडकी घ्यायची, एक ओलं एक कोरडं, आणि बादलीत फडकं बुडवायचं नाही, मगानं फडक्यावर पाणी घ्यायचं, म्हणजे बादलीतलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. आरओच्या टाकीतलं शिळं पाणी सोडून द्यायचं असतं ना, तेच पुसायला घ्या.

गच्चीवरची टाकी नळाच्या आदल्या दिवशी घासा, कारण तेव्हा ती रिकामीच असते. भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा ताजी ब्लिचिंग पावडर, तीही थेट नाही, बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि तासभर वापरायचं नाही. आणि हो, जाताना सगळ्या तोट्या बंद आहेत का बघत जा. नळाला पाणी नसताना तोटी उघडी आहे का बंद हे कळतच नाही, आमची एकदा उघडी राहिली, आम्ही गावाला आणि इकडं नळ आला, शेजारच्या काकू चावी घेऊन धावल्या तोवर सगळं पाणी अंगणात. त्या काकू पुढचे दहा दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं.

प्रश्न : फ्रिज चालू ठेवून गेलो होतो. मधे वादळ होऊन एक रात्र लाईट नव्हती असं शेजारी सांगतात, आता चालू आहे. फ्रीजरमधे केशरचा आमरस आहे सात-आठ डबे, वर्षभराचा. टाकून द्यायला जीव होईना. (लातूर)

उत्तर : मला कळतंय ओ, आंब्याचा भाव काय होता यंदा. पण आधी डबे नीट बघा. रस सपाट गोठवलेला होता आणि आता एका बाजूला कललाय, झाकणाखालून ओघळ येऊन बाहेर बर्फ झालाय, पिशव्या एकमेकीला चिकटल्यात, यातलं काहीही दिसलं तर तो वितळून परत गोठलाय, टाकून द्या. साखर जास्त घातलीय म्हणून टिकला असेल असलं मनाचं समाधान करून घेऊ नका. आणि नुसत्या वासावर जाऊ नका, गोठलेल्याला वास येतच नाही. गच्च भरलेला फ्रीजर उघडला नाही तर बराच वेळ गार राहतो, त्यामुळं एखादेवेळी तुमचा वाचला पण असेल. खालचं दूध, भाज्या, भिजवलेली डाळ मात्र विचार न करता बाहेर.

पुढच्या वेळी वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि मग जा. आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बुडाशी गेलं असेल तर समजून घ्या. फ्रिज बंदच ठेवून जायचं असेल तर रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं राहील असं मधे फडकं अडकवून जा. कोंदट वास राहिलाच तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या पुसा, वास तिथंच दडलेला असतो.

प्रश्न : महिनाभर घर बंद होतं, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग शहाबादी फरशीवर आणि वट्ट्याच्या कडप्प्यावर होते. दुकानदारानं बाथरूमचं ॲसिड दिलं. टाकलं तर फसफसून फेस आला, डाग गेले पण आता फरशी खरबरीत आणि पांढुरकी दिसायलीय. परत पहिल्यासारखी कशी होईल? (नांदेड)

उत्तर : घासून होणार नाही. शहाबादी काय अन् कडप्पा काय, दोन्ही चुनखडीचे दगड, आणि फेस आला तो डागाचा नव्हता, दगडच विरघळत होता. लिंबू, व्हिनेगर, चिंच यांनी पण हेच होतं, जरा हळू होतं एवढंच. आता पॉलिशवाल्याला बोलवून मशीन मारून घ्या, खरबरीतपणा निघेल. क्षारांचे डाग लिंबूसत्वानं काढायचे ते स्टीलच्या तोटीवरचे, बादलीवरचे. फरशीला साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं, बस. आणि ॲसिड टाकलेल्या जागी चुकूनही ब्लिचिंग टाकू नका, दोन्ही एक झालं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममधे श्वास कोंडतो माणसाचा.

प्रश्न : गव्हाला सोंडे लागलेत, ज्वारीत पाखरं उडायलीत. जाताना कोठी नीट झाकून गेलो होतो. आमचे भाऊजी म्हणतात गोळ्या ठेवू. (कळंब तालुका, धाराशिव)

उत्तर : गोळ्या घरात अजिबात नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तो कोठीतच राहील असं कुणी सांगितलं? शेजारच्या खोलीत लेकरं झोपलेली असतात. गोदामात, जाणकार माणसाच्या हातानं, ते वेगळं.

सोंडे बहुतेक वेळा दाण्याच्या आत अंड्याच्या रूपात आधीच आलेले असतात, कोठी झाकल्यानं ते थांबत नाहीत, उलट आत गरम अन् कोंदट मिळालं की वाढतात. मृगाचा पाऊस बसायच्या आत दोन-तीन कडक उन्हं द्या, पातळ पसरून, अधूनमधून हात फिरवत. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. चाळून घ्या, कोठी रिकामी करून कानाकोपऱ्यातलं जुनं पीठ-भुसा ब्रशनं काढा, त्यातच पुढची पिढी असते. धान्य गार झाल्यावरच भरा, गरम भरलं की आत घाम सुटतो. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला, ओला घातला तर बुरशी. ज्या दाण्यांचं नुसतं टरफल उरलंय ते कोंबड्यांना.

प्रश्न : येऊन चार दिवस झाले, बॅगा अजून हॉलमधेच आहेत. काही युक्ती? (नाव नका छापू, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाव नाही छापलं. माझी पण एक बॅग अजून दिवाणाखाली आहे. ओले टॉवेल आणि पोरांचे मोजे तेवढे आज काढा, बाकीचं नळाच्या दिवशी. आणि दाराबाहेर महिनाभर पडून राहिलेले बूट-चपला घालायच्या आधी उलटे करून आपटा, पहिला पाऊस पडला की विंचू कोरडी जागा शोधत फिरतात, आणि पोरांच्या शाळेच्या बुटाइतकी चांगली जागा त्यांना दुसरी नाही.