लढाई वगळण्याची मुभा असावी का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील सदरात जेनिफर हेप्लर यांच्या एका जुन्या मताचा ओझरता उल्लेख आला होता आणि त्यावर आलेल्या पत्रांनी या महिन्याची सगळी जागा व्यापली आहे. तो अंक ज्यांच्या पाहण्यात आला नसेल त्यांच्यासाठी मूळ मुद्दा असा: व्हिडिओ गेम बनवणाऱ्या बायोवेअर या कंपनीत ‘ड्रॅगन एज’ या गेमसाठी लेखन करणाऱ्या हेप्लर यांनी २००६ मधील एका मुलाखतीत सुचवले होते की, कंटाळलेल्या खेळाडूला बटण दाबून संवाद वगळता येतात, तर मग लढाईही तशीच वगळण्याची सोय का असू नये? या व्यवसायात आपल्याला सर्वांत कमी आवडणारी गोष्ट म्हणजे गेम खेळणे, असेही त्या म्हणाल्या होत्या. ही मुलाखत २०१२ मध्ये कोणीतरी पुन्हा उकरून काढली आणि त्यांच्यावर शिवीगाळीचा भडिमार झाला. आलेल्या पत्रांपैकी एकानेही त्या प्रकाराचे समर्थन केलेले नाही, याचे समाधान वाटते. मताबद्दल मात्र वाचकांत सरळ दोन तट पडले आहेत.

प्रश्न: ज्या व्यक्तीला गेम खेळणेच आवडत नाही, तिने आरपीजीतील (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) लढाईविषयी मत का द्यावे? लढाई काढून टाकली तर मागे उरते ते पुस्तक. ज्यांना तेच हवे आहे त्यांनी पुस्तक वाचावे, आमचे गेम का बिघडवावेत?

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग बाजूला ठेवू. मोठ्या गेममध्ये संवाद लिहिणारे आणि लढाईचे आकडे जुळवणारे लोक वेगवेगळे असतात आणि मत बरोबर की चूक हे ते कोणी मांडले यावरून ठरत नाही. दुसऱ्या भागात मात्र आपला मुद्दा अर्धा तरी खरा आहे, कारण संवाद वगळणे आणि लढाई वगळणे ही एकाच मापाची गोष्ट नव्हे. संवाद वगळणारा खेळाडू माहितीला मुकतो, पण त्याच्या झोळीतले काही जात नाही. लढाईत मात्र औषधाच्या बाटल्या संपतात, बाण संपतात, एखादा सोबती जायबंदी होतो आणि त्या अवस्थेत पुढच्या दाराशी पोहोचलेला खेळाडू आत जावे की मागे फिरावे याचा विचार करत थांबतो. हे थांबणे हाही कथेचाच भाग आहे आणि बटण दाबून लढाई ओलांडणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही.

परंतु ही सगळी मांडणी, लढाईला काही किंमत मोजावी लागत असेल तरच टिकते. आपल्या आवडत्या गेममधील कोणत्याही दहा लढाया आठवून पाहाव्यात. लढाई संपताच सर्वांची प्रकृती आपोआप पूर्ववत होते, कोसळलेला सोबती अंग झटकून उभा राहतो आणि आपली टोळी पुढच्या वळणावर अगदी तशाच चार शत्रूंसमोर जाऊन ठाकते, असे त्यांपैकी किती वेळा घडते? अशा लढाया वगळल्या तर कथेला त्याचा पत्ताही लागणार नाही. हेप्लर यांची सूचना मला या अर्थाने लढाईच्या रचनेवरची टीका वाटते. मग त्यांना स्वतःला ती तशी अभिप्रेत असो वा नसो.

बायोवेअरनेच मार्च २०१२ मध्ये आणलेल्या ‘मास इफेक्ट ३’च्या सुरुवातीला तीन पर्याय दिले होते. पहिल्यात संवादांचे निर्णय गेम आपणच घेई आणि लढाई नेहमीसारखी असे, दुसऱ्यात संवाद खेळाडूच्या हाती राहत आणि लढाई अगदी सोपी होई, तर तिसऱ्यात दोन्ही पूर्ण स्वरूपात मिळत. लढाई नावापुरती उरली म्हणून ज्यांनी कपाळाला हात लावला, त्यांनी त्याच पडद्यावरचा पहिला पर्यायही पाहावा. कथेलाही तेथे तितकीच कात्री लागली होती.

राहिला पुस्तकाचा टोमणा. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये जादूला लागणाऱ्या वनस्पती विकणारे अंध विक्रेते आहेत. विक्रेता किंमत सांगतो आणि पैसे आपण मोजून द्यायचे असतात, म्हणजे नाण्यांचा आकडा खेळाडूनेच टंकायचा असतो. कमी आकडा टंकला तरी माल मिळतो, कोणी हटकत नाही, तलवार तर उपसलीच जात नाही. फक्त आत कोठेतरी आपल्या प्रामाणिकपणाचे गुण घटतात आणि बऱ्याच उशिरा ते आपल्याला भोवते. मी पहिल्या खेपेस एकच नाणे दिले होते, हे कबूल करून टाकतो. नायकाने आंधळ्याला फसवले हे पुस्तकात आपण वाचतो. येथे तो आकडा आपल्याच बोटाने टंकलेला असतो. त्या गेमचे ध्येय कोणा दुष्टाला मारणे हे नव्हतेच. आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हे ध्येय होते आणि शब्दही हाच, आपला. लढाया होत्या, पण त्यांतही पळ काढणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याला जाऊ देणे आणि दुष्ट शत्रूपुढे स्वतः पाय लावून पळणे, या दोहोंची नोंद गुणांच्या वहीत वेगवेगळी होत असे.

प्रश्न: गेम डिझायनर जोश सॉयर यांनी ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये शत्रूला मारल्याबद्दल अनुभवगुण (जे साठले की पात्राची पातळी वाढते) देणे जवळजवळ बंद केले. मारून काही मिळणारच नसेल तर लढायचे कशासाठी? आरपीजीच्या मूळ परंपरेशी ही सरळ फारकत नव्हे काय?

मूळ परंपरेचा दाखला देताना जरा जपून द्यावा लागतो, कारण ती परंपरा आपण समजता तिच्या बरीचशी उलट आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर फाशांनी खेळायचा आद्य आरपीजी १९७४ मध्ये आला तो युद्धखेळांच्या घराण्यातून. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासह १९७१ मध्ये ‘चेनमेल’ ही लहान प्रतिकृतींच्या लढाईची नियमावली काढली होती आणि नव्या खेळाची पाळेमुळे तिच्यातच होती. अशा घराण्यातल्या खेळात मारण्यालाच मोल असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तळघरातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण मिळे आणि अनुभवाचा मोठा वाटा तेथूनच येई.

१९८१ च्या ‘बेसिक’ नियमांतील हिशेब पाहा. लढवय्याला दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी २,००० गुण लागत आणि साधा ऑर्क (राक्षसी शत्रू) मारल्याचे १० गुण मिळत, तेही खेळाडूंच्या टोळीत वाटून. म्हणजे एकट्याने केवळ मारून पातळी वाढवायची तर २०० ऑर्क हवेत. त्याच वेळी या लढवय्याच्या अंगी सुरुवातीला सहसा फार तर आठ-नऊ प्राणगुण (घाव सोसण्याची ताकद) असत आणि ऑर्कचे दोन नेमके घाव त्याला आडवे करण्यास पुरत. २०० ऑर्क मारण्याइतके आयुष्य त्याला लाभणे कठीणच. मग शहाणे खेळाडू काय करत? पहारेकऱ्याला लाच देत, दोन टोळ्यांत भांडण लावून देत, मागच्या भुयाराने आत शिरून पेटी उचलत आणि तलवार अगदीच गळ्याशी आले तर काढत. कथा सांगण्याचा आव न आणता त्या एका नियमाने कथा घडवल्या.

पुढे चाक फिरले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुणांचा मुख्य तक्ता हरवलेल्या शत्रूंच्या ताकदीवर बेतला गेला. संगणकावर तर प्रेते मोजणे हे सर्वांत सोपे काम असल्याने तेथे ही सवय फार आधीच मुरली होती. आपण ज्याला मूळ परंपरा म्हणता ती ही सवय आहे.

सॉयर यांच्या निर्णयामागचे कारण कोणत्याही जुन्या खेळाडूला स्वानुभवाने ठाऊक असते. समजा, दारावर पहारेकरी आहे आणि त्याला गोड बोलून वाट मोकळी करून घेतल्याचे ५० गुण मिळतात, तर त्याला मारल्याचे ३०. गुणांचा लोभी खेळाडू आधी त्याच्याशी गोड बोलतो, ५० पदरात पाडून घेतो, दोन पावले पुढे जातो आणि मागे वळून त्याची मान उडवतो, कारण ८० हा आकडा ५० पेक्षा मोठा आहे. खेळाडूने ज्या दयाळू साधूची भूमिका घेतली आहे तो असे कधीच करणार नाही. पण नियमाने त्याला मजुरी लावून दिलेली असते. २०१५ च्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये गुण प्रामुख्याने कामगिरी पूर्ण केल्याचे मिळतात. नव्या प्रकारच्या प्राण्याशी लढताना त्याची माहिती वहीत भरत जाते तेवढ्यापुरते थोडे गुण असतात आणि नोंद पूर्ण झाली की तेही थांबतात. पहारेकऱ्याला मारा, फसवा किंवा छपरावरून जा, मोबदला तोच.

या तत्त्वाशी मी सहमत आहे; माझी तक्रार अंमलबजावणीविषयी आहे. मजुरी बंद केली तर कामही कमी करायला हवे होते. त्या गेमच्या रानावनांत आणि तळघरांत वाट अडवणाऱ्या लढाया पूर्वीच्याच हिशेबाने पेरलेल्या आहेत, मुक्काम ठोकण्याचे साहित्य मोजकेच बाळगता येते आणि सातव्यांदा समोर आलेल्या कोळ्यांच्या घोळक्याशी लढून नोंदवहीतही भर पडत नाही. ‘लढायचे कशासाठी?’ हा आपला प्रश्न तेथे शंभर टक्के रास्त आहे. सॉयर यांनी पुढे २०२२ मध्ये ‘पेंटिमेंट’ हा सोळाव्या शतकातील बव्हेरियात घडणारा गेम दिग्दर्शित केला आणि त्यात लढाईची यंत्रणाच ठेवली नाही. मला हे उत्तर ‘पिलर्स’च्या तडजोडीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न: कथेचे समर्थक ऊठसूट ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’चे नाव घेतात. त्यातील लढाया रटाळ आहेत, हे कोणी कबूल का करत नाही?

मी करतो. ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांच्या नेतृत्वाखाली १९९९ मध्ये आलेल्या या गेमची संहिता सुमारे आठ लाख शब्दांची असल्याचे सांगितले जाते आणि उत्तरार्धात जेथे हे शब्द विरळ होऊन लढाया दाटतात, तेथे गेम दमलेला जाणवतो. नायकाला मरण नाही, तो शवागारातल्या दगडी ओट्यावर जागा होतो, हे कथेचे बलस्थान आहे, पण लढाईतली भीती त्यामुळेच नाहीशी होते. त्याच्या एक वर्ष आधीच्या ‘बाल्डर्स गेट’मध्येही यंत्रणा मुळात हीच होती आणि तेथे लढाया कितीतरी चुरशीच्या झाल्या, तेव्हा दोष यंत्रणेवरही ढकलता येत नाही.

प्रश्न: ‘डिस्को एलिझियम’मध्ये लढाईच नाही. जेथे लढाई नाही तेथे धोका नाही आणि धोका नाही तेथे फासे टाकण्याला काय अर्थ?

आपण तो गेम पहिली पाच मिनिटे तरी खेळून पाहावा, अशी विनंती आहे. दारूच्या गुंगीतून जागा झालेला पोलीस अधिकारी, खोलीत गरगरणारा पंखा आणि पंख्याला अडकलेला त्याचा टाय. टाय ओढून काढायचा तर दोन फासे पडतात आणि शरीराने दुबळे पात्र निवडले असेल तर तेथल्या तेथे हृदय बंद पडून गेम संपू शकतो. कोणतेही कौशल्य असले तरी दोन एक्के पडले की हार आणि दोन छक्के पडले की जीत, म्हणजे छत्तीसांत एकदा खात्रीचे अपयश आणि छत्तीसांत एकदा खात्रीचे यश. २०१९ च्या या गेममध्ये बंदुका झाडल्या जाणारा प्रसंगही आहे, पण तो इतर संभाषणांसारखाच वाक्यावाक्याने आणि फाशाफाशाने पुढे सरकतो आणि त्यात कोण वाचेल हे आपण आधी कोणाशी कसे वागलो यावर बरेचसे अवलंबून असते. लढाईचा स्वतंत्र विभाग नाही, इतकेच. तो प्रसंग खेळताना माझ्या तळहातांना घाम आला होता.

प्रश्न: मी गेम मास्टर आहे, म्हणजे टेबलावरील आरपीजीत प्रसंग रचतो आणि शत्रूंच्या वतीने खेळतो. माझ्या टेबलावरील पाच खेळाडूंपैकी दोघांना लढाई हवी असते आणि तिघांना बोलणे. लढाई सुरू झाली की तिघे मोबाइल काढतात. मी कोणत्या डिझायनरचे ऐकावे? आणि पळून गेलेल्या शत्रूचे गुण द्यावेत का?

आरपीजी डिझायनर रॉन एडवर्ड्स यांचे एक म्हणणे आपल्या उपयोगाचे आहे: खेळ कसा रंगतो हे केवळ चांगल्या गेम मास्टरवर अवलंबून नसते, नियमांनाही महत्त्व असते. आपण वापरता त्या नियमावलीची पाने उलटून पाहा. तीतील निम्म्याहून अधिक पाने शस्त्रे, घाव आणि अंतरे यांना वाहिलेली असतील, तर बोलणाऱ्या तिघांना खेळायला नियमच कमी आहेत आणि त्यांनी मोबाइल काढला तर नवल नाही.

नियमावली बदलणे शक्य नसेल तर शत्रूची मागणी बदलावी. पुलावर वाट अडवून उभ्या असलेल्या टोळीला पाचही जणांचे प्राण नको आहेत, त्यांना त्या पाचांपैकी एकाच्या खांद्यावरची पेटी हवी आहे, असे ठरवून सुरुवात करावी. दुसऱ्या फेरीत टोळीतला एक कोवळा मुलगा जखमी होऊन पडतो आणि म्होरक्या तलवार खाली न ठेवता ओरडतो, “त्याला उचलू द्या, मग बोलू.” आता लढणाऱ्या दोघांना वार करण्याची उत्तम संधी आहे आणि बोलणाऱ्या तिघांना ती थांबवण्याचे कारण आहे. पाचही जण एकमेकांकडे पाहू लागतील. फासे हातात तसेच ठेवून त्यांना भांडू द्यावे. लगेच “तुझी पाळी” म्हणू नये.

पळून गेलेल्या शत्रूचे गुण पूर्ण द्यावेत, कारण पूल ओलांडला गेला आहे. आणि त्या मुलाला एखादे नाव देऊन ते वहीत टिपून ठेवावे, पुढच्या बैठकीत लागेल.