सोलापुरात एकच दिवस मोकळा असेल तर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तिन्ही उरकता येईल का?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, कारण डिट्टो हाच प्लॅन आमच्या नाशिकच्या मेव्हण्याने केला होता. तुम्ही लिहिलंय की नाताळच्या सुट्टीत सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सोलापुरात उतरणार, रात्री त्याच गाडीने ठाण्याला परत, सोबत आई, मिसेस आणि दोन पोरं, एक सहावीत एक दुसरीत, आणि एवढ्या वेळात तिन्ही देवस्थानं होतील का, की सोलापुरातच बघण्यासारखं काही आहे.

होत नाही हो. कागदावर होतं. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आसपास, पंढरपूर ७० च्या वर, आणि तिन्ही तीन तोंडांना, म्हणजे दरवेळी सोलापूरला परत येऊनच पुढं जायचं, तीनशेच्या वर किलोमीटर तर नुसतं गाडीत बसणं झालं. मेव्हण्याने पहाटे जीप ठरवली, तुळजापुरात सुट्टीची गर्दी, रांगेतच निम्मा दिवस गेला, अक्कलकोटला घाईघाईत जेवण, आणि पंढरपुरात पोचले तेव्हा दिवे लागलेले. रांग बघून सासूबाईंनी बाहेरूनच कळसाला हात जोडले आणि म्हणाल्या पांडुरंगा आता तूच आमच्या घरी ये. येताना धाकट्याने जीपमध्ये उलटी केली, गाडी कशीबशी मिळाली. आजही त्या दिवसाचा विषय निघाला की मेव्हणा मोबाईलमध्ये तोंड घालतो. तेव्हा आईंची फारच इच्छा असेल तर एकच धरा, माझ्या मते अक्कलकोट, सकाळी लवकर निघून जेवायला परत सोलापुरात. तुळजापूर-पंढरपूरला वेगळे या, ते देव काय पळून जात नाहीत.

आता सोलापुरात काय आहे, तर हा प्रश्न कुठल्याही सोलापूरकराला विचारलात की तो म्हणणार "इथं काय हाय बघायला?" मीसुद्धा तेच म्हणायचो, पाहुणे आले की सरळ तुळजापूरच्या गाडीत बसवायचो. आमच्या गावाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, पाणी चार-पाच दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात बेचाळीसच्या वर जातं एवढंच आम्ही अभिमानाने सांगतो. पण तुम्ही डिसेंबरात येताय, आणि ते लई महत्त्वाचं आहे, कारण वर्षातला बरा महिना म्हणाल तर हाच.

स्टेशनसमोर लॉजवर एक रूम घ्या, दिवसभराची. पैसे वाचवायला जाऊ नका, आई आहेत, दुपारी पाठ टेकायला जागा पाहिजे. आंघोळी उरकून रिक्षाने सरळ सिद्धेश्वर मंदिर. दहा मिनिटांचा रस्ता. सकाळी तळ्यावर धुकट असतं, मंदिर चहूबाजूने पाण्यात, आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट, हे तिन्ही एकत्र दिसतं ते बघून आमचा मेव्हणासुद्धा दुसऱ्या खेपेला गप्प उभा राहिला होता. तुम्ही ज्या गाडीने येताय तिचं नाव या देवाचं, हे पोरांना आधीच सांगून ठेवा. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि तेव्हा या गावाचं नाव होतं सोन्नलगी. गावाभोवती त्यांनी ६८ लिंगं स्थापन केली आणि हे तळंही लोकांना हाताशी धरून त्यांनीच खोदलं असं मानतात. पाण्यासाठी तरसणाऱ्या गावाचा ग्रामदेव तळं खोदणारा असावा हे मला फार पटतं. समाधी आवारातच आहे, आईंना निवांत बसू द्या, इथं कोणी पुढे चला पुढे चला करत नाही.

मग किल्ला. तिकीट काढून आत जायचं, बहामनी काळातला आहे, दुहेरी तटबंदी आणि खंदक. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या मन्रोने वेढा घालून घेतला, पेशवाईच्या अगदी शेवटी. आत बघायला राजवाडा वगैरे नाही, आधीच सांगतो, पण पोरांना पळायला जागा आहे आणि बुरुजावरून तळं छान दिसतं. तासभर पुरे.

नाश्ता करायला मात्र पूर्व भागात जा. ही गोष्ट बाहेरच्यांना कोणी सांगत नाही. अशोक चौक, दाजी पेठ, साखर पेठ या बाजूला गेलात की तुम्हाला वाटेल महाराष्ट्र संपला, दुकानांच्या पाट्या तेलुगूत, बायका तेलुगूत भांडलाल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर इडली-वडा. हे पद्मशाली समाजाचे लोक, तेलंगणातून विणकामासाठी आले आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झाले. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच रिक्षात ऐकू येतं, आणि आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात ते त्यामुळंच, "काय करलालास बे" हे आम्हाला शुद्धच वाटतं. गल्लीत उभं राहिलं की मागाची खटखट अजून येते, पूर्वीइतकी नाही, बरेच माग बंद पडले. उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. फोटो काढायचा तर विचारून काढा, काम करणारी माणसं आहेत ती.

चादर इथंच घ्या. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे ती इथलीच असल्याचं सरकारी मानांकन, मिळालेलं आहे पण त्याच नावाने बाहेरचा माल भरपूर विकला जातो, स्टेशनच्या आसपास तर फारच. हातात घेऊन वजन बघा, खरी सुती चादर जड लागते, आणि दोन्ही बाजूंना नक्षी असते, एका बाजूला जो रंग नक्षीत तो उलट बाजूला जमिनीत. तरी शंका आली तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा, सुती असला तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर असला तर वितळून गोळी होते. दुकानदार हे करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. टॉवेल पण घ्या, टर्किश टॉवेल आमचे परदेशात जातात आणि आम्ही स्वतः मात्र विरलेला पंचा वापरतो.

माझे वडील कापडगिरणीत होते. त्यांच्या वेळेला भोंग्यावर अख्खं गाव चालायचं, घड्याळ कोणाच्या घरी लागत नव्हतं, दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की आई भात टाकायची. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होतो. परवा त्यांना गाडीवर घेऊन त्या बाजूने गेलो तर म्हणाले थांब जरा, आणि एका सोसायटीच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाले इथं आमचं खातं होतं. वॉचमन आमच्याकडे बघत होता. तेव्हापासून पाहुण्यांना मी गाव दाखवायला लागलो. तुम्हाला त्यातलं काही दाखवता येणार नाही, चिमणी एखादी लांबून दिसली तर दिसली.

परत येताना चार पुतळ्यांपाशी पाच मिनिटं थांबा, वाटेतच आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर असं पेटलं की काही दिवस इंग्रजांचा अंमलच उठला होता, मग त्यांनी मार्शल लॉ लावला आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस आहे ती यांच्या नावाची. आमच्याकडे गाड्यांची नावं अशी आहेत, एक देवाची, एक या चौघांची. चौघांची नावं परत एकदा वाचा, कोण कुठल्या जातीधर्माचा ते कळेल, मला त्यावर भाषण द्यायचं नाही.

दुपारी जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मटण खात असाल तर भाकरी आणि झणझणीत रस्सा, पण रात्री गाडी आहे हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे शेंगदाणा म्हणत नाहीत, शेंगा म्हणतात, आणि चटणी ही उखळात कुटलेली पाहिजे, कुटताना शेंगांचं तेल सुटून ती ओलसर, गोळा होणारी बनते. मिक्सरमधली भुगा असते. गोड म्हणून शेंगापोळी, गूळ आणि भाजलेल्या शेंगांचं सारण, कोरडी असते म्हणून आठवडा सहज टिकते. हुरड्याचा पण हाच सीझन, गावाबाहेर एखाद्या रानात बोलावणारं कोणी ओळखीचं निघालं तर हे वरचं सगळं रद्द करा आणि तिकडे जा, खरंच सांगतो.

जेवण झालं की झोपा. चार वाजेपर्यंत. सुट्टी आहे तुमची.

संध्याकाळसाठी सहावीतल्या पोराला डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवा, भैय्या चौकात आहे, स्टेशनपासून जवळ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९१० चा जन्म, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार केले आणि १९४२ ला तिकडेच वारले, बत्तिसाव्या वर्षी. चीनमध्ये त्यांचं नाव आजही घेतात आणि आमच्या रिक्षावाल्याला "कोटणीस स्मारक" सांगितलं तर तो म्हणतो भैय्या चौकात कुठं सोडू? माळढोक अभयारण्य, नान्नजचं, ते मात्र या खेपेला सोडा. काळवीट दिसतात पण माळढोक दिसेल या आशेने गेलात तर पोरं तुम्हाला माफ करणार नाहीत.

स्वतःची गाडी करणार असाल आणि चादरीत रस नसेल तर सकाळचं सिद्धेश्वर झाल्यावर एक पर्याय आहे, हत्तरसंग कुडल. ४० किलोमीटर, भीमा-सीनेचा संगम, तिथं एकाच शिवलिंगावर ३५९ मुखं कोरलेली आहेत आणि संगमेश्वराच्या देवळात शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी. वाचील तो विजयी होईल असा त्याचा अर्थ. आपलीच भाषा हजार वर्षांपूर्वीची दगडावर. गर्दी नाही, रांग नाही, नारळवाला पण धड नाही.

आणि रात्री गाडीच्या आधी वेळ उरला तर रिक्षावाल्याला विचारा आज नंदीध्वजाचा सराव कुठं चाललाय. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्डा म्हणतो आम्ही, त्यात हे नंदीध्वज, म्हणजे सात उंचच उंच काठ्या निघतात, प्रत्येकीचा मान वेगवेगळ्या समाजांकडे, आणि एकेक काठी एकटा माणूस कमरेला पट्टा बांधून पेलतो. एका कुंभारकन्येला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून तिने त्यांच्या योगदंडाशी लग्न केलं, त्या लग्नाच्या अक्षता आजही टाकतात, अख्खं गाव पांढऱ्या बाराबंदीत. ते तुम्हाला बघायला मिळणार नाही, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री गल्लीबोळात पोरं ती काठी तोलायचा सराव करत असतात. वायरी चुकवत, एक जण वर बघून ओरडतोय "डावीकडं, डावीकडं". दुसरीतलं पोरगं झोपलेलं असेल तर उठवा.

एक राहिलं, शेंगाचटणी घेताना पुड्यात घेऊ नका, स्टीलचा डबा घेऊन या आणि त्यात भरून घ्या. तेल सुटतं. मेव्हण्याची नवी चादर आणि चटणीची पुडी एकाच पिशवीत होती.