पुण्यात फ्लॅट पहिल्यांदाच भाड्याने देतोय, काय काळजी घेऊ?

भाडं हजार-दोन हजार कमी आलं तरी चालेल पण ॲग्रीमेंट रजिस्टरच करा, नोटरीवर भागवू नका, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे आणि ते नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी खऱ्या धरतात. लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे घर ठराविक मुदतीपुरतं वापरायला देण्याच्या कराराची) मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ मुळे दुप्पट भाडं मागता येतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. चावी देताना गिझर, नळ, सिंकखालची ओल, मीटरचं रीडिंग, सगळ्याचा व्हिडिओ काढून त्यालाच व्हॉट्सॲप करा, डिपॉझिटची भांडणं बहुतेक तिथंच मिटतात (रंगाचे पैसे कोण देणार तेही आधीच लिहा).