पूर ओसरल्यावर येणारे ठेकेदार : नियम केला तर खर्च कुणाच्या डोक्यावर?

प्रश्न : आमचं घर सांगलीत मारुती चौकाजवळ. २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. दुसऱ्या वेळी बाहेरगावच्या एका ठेकेदाराने ८० हजारांत उक्तं काम घेतलं, ५० हजार आधी मागून घेतले, थोडा गिलावा खरवडला आणि गायब, फोन बंद. नंतर कळलं की गल्लीत अजून काही घरांना त्याने असंच केलंय. परवा आमच्या मंडळात विषय निघाला की या लोकांना लायसन सक्तीचं करा, तर एक काका म्हणाले मग त्याला वेगळं खातं, इन्स्पेक्टर, गाड्या, सगळं आपल्याच घरपट्टीतनं जाणार. खरंच एवढा खर्च येतो का हो? – एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, काकांची भीती खोटी नाही. प्रत्येक गवंड्याला परीक्षा, लायसन, दरवर्षी रिन्युअल असं केलं तर खातं उभं राहणारच, आणि मला त्याहून मोठं नुकसान हे दिसतं की पूर ओसरल्यावर ज्या महिन्यात सगळ्या गावाला एकदम गवंडी पाहिजे असतो नेमका तेव्हाच लायसनवाले मोजके राहणार आणि ते म्हणतील तो रेट द्यावा लागणार. म्हणून सरसकट लायसन मला पटत नाही. पण लायसन नको म्हणजे काहीच नियम नको, हे कुठनं आलं?

टेक्सास, अमेरिकेतलं राज्य, तिथे २०११ पासून खास आपत्तीनंतरच्या दुरुस्तीसाठी कायदा आहे. ज्या ठेकेदाराचा त्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, किंवा शेजारच्या काउंटीत निदान वर्षभर धंद्याचा पत्ता नाही त्याने काम सुरू करायच्या आधी एक पैसा घ्यायचा नाही, आणि सुरू झाल्यावरही जेवढं काम झालंय त्या हिशोबानेच घ्यायचे. करार लेखी पाहिजे आणि हीच गोष्ट त्यात ठळक छापलेली पाहिजे. मोडलं तर ग्राहकाची फसवणूक धरतात. यात परीक्षा नाही, वेगळं ऑफिस नाही, इन्स्पेक्टर नाही. लक्ष ठेवणारा घरमालक स्वतः, कारण पैसे अजून त्याच्याच हातात आहेत, आणि तक्रार घ्यायला आधीचीच यंत्रणा.

आपल्याकडे असा नियम सांगलीला लावायचा म्हटलं तर कोल्हापूर, सातारा, सोलापूर, बेळगाव, विजापूरचे ठेकेदार शेजारचेच धरावे लागतील, म्हणजे येणारी माणसं थांबत नाहीत, थांबते फक्त आगाऊ रक्कम. आज मात्र घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला तुझी नोंदणी आहे का, हे कुणीच विचारत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याकडची नोंदणी सरकारी कामापुरती, महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, नवीन प्रकल्पांचं बघतं, नुसती दुरुस्ती त्यात येत नाही. पोलिसांत गेलं तर बऱ्याचदा ही दिवाणी बाब आहे म्हणतात कारण फसवायचा हेतू पहिल्यापासून होता हे दाखवावं लागतं, आणि अर्धंमुर्धं काम करून गेलेल्या माणसाचं ते दाखवणं फार अवघड.

राहिला ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमची ती मुदत निघून गेली ताई, मला खरंच वाईट वाटतं. पुराच्या धामधुमीत हे कुणी सांगतच नाही, पंचनाम्याच्या वेळी एक छापील कागद हातात दिला असता तरी पुष्कळ झालं असतं, आणि त्याचा खर्च म्हणजे झेरॉक्सचा.

आता काकांना दुसरी बाजू सांगा. २०२१ च्या पुरानंतर सरकारने घर पूर्ण गेलेल्यांना दीड लाख, निम्मं पडलेल्यांना ५० हजार, कमी नुकसान असेल तर २५ आणि १५ हजार असे दर ठरवले होते. हे पैसे कुणाचे? आपलेच, टॅक्सचे. समजा हजार घरांतले प्रत्येकी ३० हजार असे बुडाले तर ते ३ कोटी होतात. दोन क्लार्क आणि एक ज्युनियर इंजिनिअर, प्रत्येकी महिना ६० हजार धरा, सहा महिने खास अशा तक्रारी बघायला बसवले तर ११ लाखांच्या आत भागतं. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण तुमच्या वॉर्डाचे खरे आकडे टाकून बघा, नियम नसण्याचा खर्च आपण दर पुराला भरतोय, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही.

आणि खर्च करायचाच तर आयोगावर करा. देशभर ग्राहक आयोगांतल्या जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. ऐकायला माणूसच नसेल तर नियम कागदावरच राहणार.

प्रश्न : मी गवंडी, मिरजेत वीस-बावीस वर्षं काम करतो. दहा जणांनी फसवलं म्हणून सगळ्यांची उचल बंद केली तर आम्ही सिमेंट, वाळू कशातनं आणायची? बिगाऱ्याला शनिवारी पगार द्यावा लागतो. – एक मिस्त्री, मिरज

उत्तर : मिस्त्री, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आणि नियम करणाऱ्याने पहिलं तुम्हाला विचारलं पाहिजे. मी वर सांगितलेल्या नियमात तुम्ही अडकत नाही, तुमचा पत्ता मिरजेतच आहे. तरीसुद्धा पुराच्या कामात मटेरियल मालकाने दुकानातनं स्वतः घ्यावं, बिल त्याच्या नावावर, आणि मजुरी दर शनिवारी झालेल्या कामाची, ही आपली जुनी पद्धत दोघांच्याही सोयीची. खरवडणं, मग भिंत वाळणं, मग गिलावा, मग रंग असे टप्पे कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा.

एक विनंती मात्र आहे. मालक दिवाळीच्या आत घर पाहिजे म्हणून मागे लागतो, तरी ओल्या भिंतीवर गिलावा मारू नका. पुराचं पाणी विटेत मुरलेलं असतं, वरनं सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि मग लोणा लागतो, पोपडे सुटतात, रंगाचे पैसेही जातात. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात, पंखे लावा, खिडक्या उघड्या ठेवा, पण थांबा. हे मालकाला तोंडावर सांगणारा मिस्त्री मला कुठल्याही लायसनपेक्षा भरवशाचा वाटतो.

प्रश्न : वायरिंगचं पण असंच का? पाणी उतरल्यावर ओळखीच्या पोराकडनं लाईट सुरू करून घेतली तर चालेल का? – वाचक, सांगलीवाडी

उत्तर : नाही, अजिबात नाही. इथे लायसन आधीपासून आहे, इलेक्ट्रिकल ठेकेदार आणि वायरमनला राज्याचा परवाना लागतो, आणि या बाबतीत सरकारने त्यावर कितीही खर्च करावा, मी विरोध करणार नाही, कारण गिलावा पडला तर परत मारता येतो, शॉक लागलेला माणूस परत येत नाही. परवान्याचा नंबर विचारा, बिलावर लिहून घ्या. पाण्यात बुडालेले बोर्ड, स्विच, एमसीबी बदलूनच टाका, वाळवून वापरू नका. वायरिंगचं इन्सुलेशन मेगरने, म्हणजे ते मोजायच्या यंत्राने, तपासून, अर्थिंग बघून, मगच मेन स्विच चालू करायला सांगा, आणि मीटरला पाणी लागलं असेल तर त्याला हात न लावता महावितरणला कळवा.