तांब्याच्या बंबात लाकडाऐवजी दगडी कोळसा चालेल का? (यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचं गाव, रोज 20 लिटर आंघोळीचं पाणी)

चालेल, पण आहे त्या बंबात नुसता कोळसा टाकून नाही. लाकूड वरच्या हवेवरही पेटतं. कोळशाला हवा खालूनच लागते. म्हणून आधी जाळी बदला. 10-12 मिमीच्या लोखंडी सळ्या, मध्ये बोटभर फट, खाली राखेसाठी चारेक इंच मोकळी जागा. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, किलोमागे पाव किलोहून जास्त निघते. रोज झाडली नाही तर हवा कोंडते, मग नुसता धूर.

आधी पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाची, तुरीची वाळलेली झाडं) पेटवा, चांगला जाळ धरला की लिंबाएवढे तुकडे थोडेथोडे सोडा. चुरी टाकू नका, फटी बुजतात. 20 लिटरला साधारण पाऊण ते एक किलो पुरावा.

खरी गोची पुढे आहे. लाकूड ओढून काढता येतं, पेटलेला कोळसा नाही. पाणी काढून घेतलं आणि बंब कोरडा राहिला की सांध्याचं डाख वितळतं आणि गळती लागते. जेवढं गरम काढाल तेवढं थंड लगेच ओता. कोळशातल्या गंधकानं बंबाची मधली धुराची नळी काळी पडते, हळूहळू झिजतेही; काजळी आठवड्याला खरवडा.

आणि बंब न्हाणीच्या आत ठेवायचा नाही, अंगणातच. या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. दार लावून आंघोळ करणारा तिथंच बेशुद्ध पडू शकतो.

शेतात पऱ्हाटी फुकट पडून असेल तर मी कोळशाच्या भानगडीत पडायला सांगणार नाही.